बिनधुराची चिलीम

तंबाखूनें आपल्या घरांत आजवर नाना वेषांनीं प्रवेश केला आहे. आजोबांच्या कनवटीस तपकिरीची डबी असे, पानाच्या तबकांत चिमूटभर जर्दा असे, आणि पुढील पिढीच्या खिशांत सिगारेटचें पाकीट आलें. प्रत्येक वेळीं वडीलधाऱ्या मंडळींनीं नाकें मुरडलीं आणि प्रत्येक वेळीं तो पाहुणा कांहीं काळ घरांत ठाण मांडून बसला. गेल्या वीस वर्षांत त्यानें जो नवा वेष घेतला आहे, त्याला मात्र धूर नाहीं, राख नाहीं, काडी लागत नाहीं. त्याला लागते वीज. पाश्चात्य देशांत त्याला व्हेप म्हणतात. शिक्षणासाठीं इंग्लंडला किंवा अमेरिकेला गेलेल्या मुलाशीं व्हिडिओवर बोलणें चालावें, त्याच्या मेजावर पितळेची नळी, तारेचें रीळ, कापूस व चिमटा दिसावा, आणि "हें कसलें रे दुकान मांडलें आहेस?" असें आईनें विचारावें, हा प्रसंग आज कोणत्याहि सुशिक्षित घरांत येण्याजोगा आहे.

अशा वेळीं मुलगा उडवाउडवी करतो आणि आईबाप उपदेशाला लागतात. आमच्या मतें दोघांचेंहि चुकतें. त्या मेजावरील वस्तूंच्या मागें एक साधें, परंतु कोणाचीहि भीड न धरणारें शास्त्र आहे. तें न समजतां केलेला उपदेश वाऱ्यावर जातो, आणि तें न समजतां केलेली हौस तोंडाशीं फुटते. म्हणून ही नळी काय आहे, ती निवडतांना काय पाहतात, तिच्यांतील तारेची कॉइल कशी बांधतात आणि या सर्वांच्या मुळाशीं कोणतें गणित आहे, हें आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. भारतांत या उपकरणांस कायद्यानें बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजीं केंद्र सरकारनें तसा अध्यादेश काढला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात या सर्वांस त्यानें मनाई केली आहे. साठ्याव्यतिरिक्त इतर पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अपराध पुन्हां घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पांच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. तेव्हां पुढील विवेचन ज्या देशांत प्रौढ माणसास हें उपकरण उघडपणें विकत घेतां येतें, त्या ब्रिटनसारख्या देशांतील आपल्या माणसांविषयीं आहे, हें वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.

नळीचा पूर्वेतिहास

धूर नसलेल्या सिगारेटची कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया राज्यांतील हर्बर्ट गिल्बर्ट या गृहस्थानें १९६३ सालीं अशा उपकरणाच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९६५ सालीं तें त्याला मिळालें. परंतु तें उपकरण बाजारांत कधींच रुजलें नाहीं. आजच्या उपकरणाचा जनक म्हणून होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाचें नांव घेतात. तो स्वतः सिगारेटी ओढीत असे, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानें वारले होते. २००३ सालीं त्यानें आपलें उपकरण सिद्ध केलें. पुढील तीन-चार वर्षांत तें चीनमधून युरोप-अमेरिकेंत पोहोंचलें.

हीं पहिलीं उपकरणें दिसावयास हुबेहूब सिगारेटीसारखीं होतीं. त्यांतील सेल चिमुकला, म्हणून वाफ थोडी आणि दम लवकर संपणारा. तेव्हां हौशी लोकांनीं टॉर्चसारख्या धातूच्या नळींत मोठा सेल बसवून स्वतःचीं उपकरणें घडविण्यास आरंभ केला. अशा फेरफार केलेल्या उपकरणांस 'मॉड' हें नांव पडलें. पुढें त्यांच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेनें नळींत इलेक्ट्रॉनिक चिप बसविली; ती सेलवर व तारेवर पहारा ठेवते. हे रेग्युलेटेड मॉड. दुसऱ्या शाखेनें पहारेकरी मुद्दामच ठेवला नाहीं. हे मेकॅनिकल मॉड. आमचा विषय मुख्यतः ही दुसरी शाखा होय.

नळीच्या पोटांत

ज्यानें जुनी टॉर्च उघडून पाहिली आहे, त्यानें मेकॅनिकल मॉड निम्मा पाहिलाच आहे. पितळेची, तांब्याची किंवा पोलादाची एक पोकळ नळी असते. तिच्या पोटांत एक लिथियम-आयन सेल बसतो. बुडाशीं दाबावयाचें बटण असतें आणि माथ्यावर, बल्बच्या जागीं, अ‍ॅटोमायझर नांवाची लहानशी वाटी आट्यांवर फिरवून बसवितात. या वाटींत दोन खांब असतात व त्या खांबांत तारेच्या कॉइलचीं दोन टोकें आवळलेलीं असतात. कॉइलच्या पोटांतून कापूस ओवलेला असतो आणि तो कापूस द्रवानें भिजलेला असतो. बटण दाबलें कीं नळीच्या धातूमधूनच वीज वाहूं लागते, तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती तोंडानें ओढतात. यापेक्षां अधिक कांहीं या यंत्रांत नाहीं.

हा द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचें मिश्रण. त्यांत सुगंधी द्रव्यें व इच्छेप्रमाणें निकोटिन घातलेलें असतें. प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारें १८८ अंश सेल्सिअसला उकळतें आणि ग्लिसरीन सुमारें २९० अंशांना. कापूस ओला आहे तोंवर तारेची बहुतेक उष्णता वाफ करण्यांत खर्ची पडते. पाण्यानें भरलेलें पातेलें चुलीवर करपत नाहीं. पाणी आटलें कीं मात्र बूड काळें पडतें. येथेंहि तसेंच आहे. कापूस सुकला कीं तार एकाएकीं तापते, कापूस करपतो आणि त्या वेळीं निघणारी वाफ घशाला झोंबणारीच नव्हे, तर फॉर्माल्डिहाइडसारख्या विषारी द्रव्यांनीं युक्त अशी असते.

तार मात्र आपल्या ओळखीचीच आहे. घरांतील विजेच्या शेगडींत जी तार लाल होते, ती निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रणाची, म्हणजे नायक्रोमची असते. अमेरिकेंतील अल्बर्ट मार्श यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं या मिश्रधातूचा शोध लावला. तिची दुसरी बहीण म्हणजे लोखंड, क्रोमियम व अ‍ॅल्युमिनियम यांची कॅन्थल तार, ती स्वीडनमधील. शेगडी आणि ही नळी यांत एकच मोठा भेद आहे. शेगडीच्या मागें भिंतीवर फ्यूज असतो. कांहीं बिघडल्यास तो आधीं उडतो व घर वाचतें. मेकॅनिकल मॉडच्या मागें फ्यूज नाहीं. तेथें जें उडावयाचें तें हातांत किंवा तोंडाशीं उडतें.

ओहमचा नियम

या यंत्राचें सर्व शहाणपण एका लहानशा नियमांत सामावलें आहे. जर्मनींतील जॉर्ज सायमन ओहम या शिक्षकानें तो १८२७ सालीं प्रसिद्ध केला. विजेचा दाब व्होल्टमध्यें मोजावा, तारेचा रोध ओहममध्यें मोजावा, आणि दाबाला रोधानें भागावें. जो भागाकार येईल तितके अँपिअर प्रवाह वाहतो. शाळेंत हा नियम सर्वांनीं पाठ केलेला असतो. परीक्षा संपली कीं तो विसरला जातो. ही नळी हातीं घेणाऱ्यास तो विसरून चालत नाहीं.

पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध एक ओहम असेल तर प्रवाह ४.२ अँपिअर आणि उष्णता सुमारें १७.६ वॉट. रोध अर्धा ओहम केला कीं प्रवाह ८.४ अँपिअर व उष्णता ३५ वॉट. रोध ०.२ ओहम केला तर प्रवाह २१ अँपिअर व उष्णता ८८ वॉट; आणि ०.१ ओहमला प्रवाह ४२ अँपिअर व उष्णता १७६ वॉट. पूर्वीं आपल्या दिवाणखान्यांत साठ वॉटचा दिवा असे व त्याची काच हातास चटका देई, हें आठवलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळतो. रोध जितका कमी, तितकी वाफ दाट. आणि म्हणूनच हौशी तरुणास रोध उतरवीत नेण्याचा मोह पडतो.

परंतु सेलला आपली मर्यादा आहे. या नळ्यांत बहुधा १८६५० या आंकड्याचा सेल वापरतात. त्याचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचें शून्य तो वाटोळा असल्याचें दर्शवितें. जास्त प्रवाह देण्यासाठीं केलेल्या नामांकित सेलची अखंड प्रवाहाची मर्यादा साधारणतः २० अँपिअरच्या आसपास असते. कांहींची थोडी अधिक, पुष्कळांची बरीच कमी. म्हणजे ०.२ ओहमला आपण मर्यादेच्या बाहेर गेलों आणि ०.१ ओहमला दुप्पट बाहेर गेलों. तरीहि बटण दाबलें कीं सेल प्रवाह देतोच. नकार देण्याची बुद्धि त्याला नाहीं. तो आंतल्या आंत तापतो, आणि एका मर्यादेपलीकडे त्याच्या पोटांतील रासायनिक क्रिया स्वतःच्याच उष्णतेनें भडकत जाते. मग आग किंवा स्फोट आपल्या हातीं राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं वेष्टणावर तर ३५ किंवा ४० अँपिअर छापलेलें आहे. वेष्टणावर काय छापावें याला पुष्कळ दुकानदार मोकळे आहेत. कोणी क्षणभराच्या प्रवाहाचा आंकडा अखंड प्रवाहाचा म्हणून छापतात, तर कोणी हलका सेल नव्या वेष्टणांत घालून विकतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हे सेल बनविणाऱ्या मोठमोठ्या कारखानदारांनींच बजावून सांगितलें आहे कीं, ते संरक्षक सर्किटासह बांधलेल्या बॅटरींत घालण्यासाठीं आहेत. सुटे काढून व्हेपमध्यें वापरण्यासाठीं नाहींत.

कॉइल कशी बांधतात

आतां तारेकडे वळूं. नवशिक्यासाठीं २६ गेजची कॅन्थल तार बरी. तिची जाडी सुमारें ०.४ मिलिमीटर, आणि एक मीटर तारेचा रोध सुमारें ११ ओहम. निकेलची व टिटॅनियमची तारहि बाजारांत मिळते. परंतु ती, तपमान स्वतः आवरणाऱ्या चिपच्या यंत्रासाठीं आहे. मेकॅनिकल नळींत ती घालूं नये.

तीन मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत सळई घेऊन तिच्यावर तार ओढून घट्ट, एकास एक चिकटून असे सात वेढे द्यावयाचे. एका वेढ्यास सुमारें १०.७ मिलिमीटर तार लागते. सात वेढ्यांस साडेसात सेंटिमीटर. खांबांपर्यंत जाणारीं दोन टोकें धरून एकूण साडेआठ सेंटिमीटर. अकराशीं गुणिलें म्हणजे रोध सुमारें एक ओहम येतो. म्हणजे भरलेल्या सेलवर प्रवाह चार अँपिअरच्या जवळपास, आणि २० अँपिअरच्या सेलला त्याचा कांहींच भार नाहीं. वाफेचे ढग यांतून निघत नाहींत. पण सिगारेट सोडूं पाहणाऱ्यास ढग हवेत कशाला?

वेढे झाले कीं टोकें खांबांत घालून स्क्रू आवळावयाचे आणि बाहेर राहिलेली तार अगदीं मुळाशीं छाटावयाची. नखाएवढें टोक राहिलें व तें वाटीच्या कडेस किंवा वरच्या झांकणास टेकलें, तर वीज कॉइलला वळसा घालून सरळ मार्गानें धांवते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. कॉइल वाटीच्या तळास किंवा भिंतीस कोठेंहि शिवतां कामा नये. नंतरची पायरी कोणीहि गाळूं नये: सेल घालण्यापूर्वीं अ‍ॅटोमायझर ओहम मोजणाऱ्या यंत्रावर बसवून रोध पाहावयाचा. गणितानें एक ओहम यावयाचा असतां ०.३ दिसला, तर कोठें तरी शॉर्ट आहे. आंकडा सारखा हालत असेल, तर स्क्रू सैल आहे. हें यंत्र स्वस्त असतें, आणि त्याच्यावांचून नळी वापरणें म्हणजे डोळे बांधून जिना उतरणें होय.

रोध जुळला म्हणजे सुकी कॉइल क्षण-क्षण तापवून पाहतात. ती मधून बाहेर सारखी लाल झाली पाहिजे. एखादाच वेढा आधीं तांबडा होत असेल, तर वीज बंद करून चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्यानें वेढे हलकेच दाबून सारखे करावयाचे. हें तापविणेंहि चिपच्या यंत्रावर किंवा मापन-यंत्राच्या बैठकीवर करावें, मेकॅनिकल नळीवर नव्हे. मग कॉइल निवल्यावर शुद्ध कापूस ओवावयाचा. सुईंत दोरा जसा किंचित् घासत जातो, तसा तो जावा. फार घट्ट असेल तर द्रव चढत नाहीं, फार सैल असेल तर गळतो. आणि दोन्ही वेळां तार सुकी पडते. शेवटीं कापूस पूर्ण भिजवून मगच बटणास हात लावावयाचा.

नवशिके ज्या ठिकाणीं हटकून घसरतात, तें एक स्थळ येथें दाखविलें पाहिजे. वाटींत एकाऐवजीं दोन कॉइल बसविल्या तर रोध दुप्पट होतो, असें सहजच वाटतें. वस्तुतः तो निम्मा होतो, कारण विजेला एकाऐवजीं दोन वाटा मिळतात. २४ गेजच्या जाड तारेचे सहा वेढे घेतले तर एका कॉइलचा रोध ०.५४ ओहमच्या सुमारास येतो. तशा दोन शेजारीं बसविल्या कीं ०.२७ ओहम, आणि प्रवाह साडेपंधरा अँपिअर. मर्यादा अजून ओलांडली नाहीं. पण एखादा वेढा कमी पडला, सेल जुना असला, वेष्टणावरील आंकडा खोटा असला, तर ती ओलांडली जाते आणि कळतहि नाहीं.

निवड

एवढें झाल्यावर नळीच्या निवडीचा विचार करतां येतो. पहिली गोष्ट, नळी एकाच सेलची असावी. एकावर एक दोन सेल घालावयाच्या नळ्या मिळतात. त्यांत दाब ८.४ व्होल्ट होतो आणि तीच अर्ध्या ओहमची कॉइल ३५ वॉटऐवजीं १४१ वॉट उष्णता देऊं लागते. दाब दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. नवशिक्यानें त्या वाटेस जाऊं नये.

दुसरी गोष्ट, बटणाला कुलूप असावें. बुडाशीं बाहेर आलेलें बटण मेजावर नळी उभी ठेवतांच दाबलें जातें, पिशवींत पुस्तकाच्या भारानें दाबलें जातें, आणि नळी आपोआप तापत राहते. बटण खोलगट असावें आणि फिरवून बंद करतां यावें. तिसरी गोष्ट, नळीला वायु बाहेर जाण्याचीं भोकें असावींत. सेल बिघडला तर त्यांतून तप्त वायु वेगानें बाहेर पडतो. त्याला वाट नसेल तर धातूची नळी आणि बंदुकीची नळी यांत फारसें अंतर राहत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कांहीं नळ्यांत माथ्याशीं स्वतंत्र खिळा असतो. अ‍ॅटोमायझर त्या खिळ्यास टेकतो व खिळा सेलला. दुसऱ्या प्रकारास हायब्रिड म्हणतात; त्यांत खिळा नसतो व अ‍ॅटोमायझर सरळ सेलच्या माथ्यावर बसतो. सेलचें धन टोक मध्यभागीं असतें खरें, पण त्याच्या भोंवतालची कड ऋण असते, आणि त्या दोहोंमध्यें केवळ एक पातळ कडें व कागदासारखें वेष्टण असतें. अ‍ॅटोमायझरची मधली पिन पुरेशी पुढें आलेली नसेल, तर त्याच्या आट्या एकाच वेळीं दोन्ही टोकांना शिवतात आणि क्षणांत पूर्ण शॉर्ट होतो. म्हणून हायब्रिड नळी नवशिक्यासाठीं नव्हे. नळी तांब्याची कीं पितळेची, तिच्यावर नक्षी कोणती, किंमत किती, हे सर्व प्रश्न या चार प्रश्नांच्या मागून येतात. दुकानांत मात्र ते पुढें असतात.

सेलची निगा हाहि निवडीचाच भाग समजला पाहिजे. वेष्टण नखभर फाटलें तरी सेल वापरूं नये. नवें वेष्टण घालतां येतें. सुटा सेल खिशांत किल्ल्यांच्या जुडग्यासह कदापि ठेवूं नये. त्यासाठीं प्लॅस्टिकची डबी अल्प किंमतीस मिळते. चिप नसल्यामुळें सेल किती उतरला हें सांगणारें कोणी नसतें; वाफ मंदावली कीं, म्हणजे साधारणपणें ३.४ व्होल्टच्या आसपास, स्वतःच थांबून तो भरावयास लावावा लागतो.

इतकें सांगितल्यावर आम्ही आमचें स्पष्ट मत देतों. 'नवशिक्यासाठीं मेकॅनिकल मॉड' हे शब्दच एकमेकांशीं विसंगत आहेत. जो नवशिका आहे त्यानें चिपचें यंत्र घ्यावें. तें स्वतः रोध मोजतें, शॉर्ट दिसतांच नकार देतें, सेल उतरला कीं थांबतें, आणि बटण दहा-एक सेकंदांहून अधिक काळ दाबलेलें राहिलें तर वीज तोडतें. कॉइल बांधण्याची हौस त्यावरहि भागवितां येते. सुरक्षा-झडप असलेला कुकर घरांत असतां झडप नसलेल्या भांड्यांत वाफ कोंडून स्वयंपाक शिकणाऱ्या सुनेला आपण शाबासकी देणार नाहीं. येथेंहि न्याय तोच आहे.

जें घडलें तें

आम्ही भीति घालीत आहों, असें कोणास वाटूं नये. मे २०१८ मध्यें अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यांतील सेंट पीटर्सबर्ग येथें ३८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या हातांतील असें उपकरण फुटलें. त्याचे तुकडे मस्तकांत शिरून त्याचा अंत झाला. जानेवारी २०१९ मध्यें टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें २४ वर्षांच्या तरुणाच्या मानेची रोहिणी स्फोटाच्या तुकड्यानें तुटली व तो वांचला नाहीं. अमेरिकेंतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अशा स्फोटांनीं व भाजण्यानें जखमी होऊन आलेल्यांची संख्या दोन हजारांहून अधिक असावी, असा अंदाज २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. अशा जखमांत खिशांत पेटलेल्या सेलनें मांडी भाजल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

शरीरावरील परिणामांविषयींहि दोन्ही बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. तंबाखू जळत नाहीं, म्हणून डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचा मारा होत नाहीं. या कारणास्तव ब्रिटनमधील आरोग्य-अधिकारी सिगारेट ओढणारास ती सोडण्याचें साधन म्हणून हें उपकरण सुचवितात. परंतु तेच अधिकारी हेंहि सांगतात कीं, हें निरुपद्रवी नाहीं, आणि ज्यानें कधीं सिगारेट ओढली नाहीं त्यानें याला हात लावूं नये. निकोटिनची पकड तीच राहते. २०१६ पासून तेथें द्रवांतील निकोटिन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक ठेवतां येत नाहीं, आणि अठरा वर्षांखालील मुलांस विक्रीची बंदी आहे. तोच द्रव लहान मुलाच्या पोटांत गेला तर विष होय. अमेरिकेंत २०१९ सालीं फुप्फुसाच्या विकाराची जी सांथ उसळली, तींत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रोगी नोंदले गेले व ६८ जण दगावले. तिचें मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या द्रवांत मिसळलेलें व्हिटामिन ई अ‍ॅसिटेट हें ठरलें; म्हणून अनोळखी माणसाकडून घेतलेला द्रव कोणताहि असो, तो वर्ज्यच समजावा.

घरच्यांनीं काय विचारावें

तेव्हां मेजावर नळी दिसली म्हणून एकदम रागावण्यापेक्षां चार प्रश्न विचारणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें. तूं आधीं सिगारेट ओढीत होतास काय? ओढीत नसल्यास हें कशासाठीं आरंभिलेंस? ओढीत असल्यास द्रवांतील निकोटिनचा आंकडा गेल्या सहा महिन्यांत खालीं आला आहे काय? तुझ्या यंत्रांत चिप आहे काय? आणि नसल्यास तुझ्या कॉइलचा रोध किती, सेलची मर्यादा किती, आणि सुटा सेल तूं कशांत ठेवतोस? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर जो तत्काळ आंकड्यांत देतो, त्यानें निदान आपलें काम समजून घेतलें आहे. जो "त्यानें कांहीं होत नाहीं, सगळेच वापरतात," असें म्हणतो, त्याची नळी त्याच दिवशीं बंद झाली पाहिजे. आंकडे कळण्यासाठीं आईला विद्युत्-शास्त्राची पदवी नको. चार आणि दोन दशांश व्होल्टला रोधानें भागणें तिला खचित येतें.

निकोटिनच्या आंकड्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. सिगारेट सोडण्याचें साधन म्हणून आलेली वस्तु पुष्कळदां छंद होऊन बसते. नवी तार, नवा वेढा, दाट ढग, मित्रांची वाहवा, या नादांत सोडावयाचें काय होतें हेंच विसरलें जातें. कुबडी घेणारानें ती सजवीत बसूं नये. पाय बळकट झाला कीं ती कोपऱ्यांत ठेवावी.

आणखी एक व्यावहारिक सूचना. सुटींत घरीं येतांना हें सामान बरोबर आणूं नये; आयात म्हणून तें आपल्या कायद्याच्या कक्षेंत येतें. सिंगापुरांत तर २०१८ पासून तें नुसतें जवळ बाळगणेंहि गुन्हा आहे, म्हणून त्या मार्गानें प्रवास करणारांनीं विशेष जपावें. जेथें तें नेण्यास मुभा आहे, तेथेंहि २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार विमानाच्या मालखान्यांत जाणाऱ्या पेटींत तें ठेवतां येत नाहीं. पेटींत आग लागली तर ती विझविण्यास तेथें कोणी नसतें.

मेकॅनिकल नळीला पहारेकरी नाहीं, हें तिचें वैशिष्ट्य म्हणून विकलें जातें. त्याचा सरळ अर्थ एवढाच कीं, पहारा देण्याचें काम ती घेणाराच्या अंगावर पडतें, आणि तें रोज, प्रत्येक वेळीं बटण दाबतांना करावें लागतें. ज्याला तें साधेल अशी खात्री नाहीं त्यानें पहारेकरी असलेलें यंत्र घ्यावें. ज्यानें अद्याप तंबाखूस तोंड लावलेलें नाहीं त्यानें दोहोंपैकीं कोणतेंच घेऊं नये. आणि ज्यानें सिगारेट सोडण्यासाठीं तें हातीं धरलें आहे, त्यानें तें खालीं ठेवण्याची तारीखहि आजच ठरवून घरीं कळवावी.